पळतं चित्र

त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. शिक्षण म्हणाल तर बेताचंच, पण व्हिडिओ टेप चालवणारे डेक आणि त्यांचं चित्र दाखवणारे मॉनिटर दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पडद्यावर मुंग्या आल्या, आवाज घोगरा झाला, टेप आत गुंडाळली गेली, की लोक डेक काखोटीला मारून त्याच्या दुकानाची पायरी चढायचे. मॉनिटर साधा असतो बिचारा, नाटकं सगळी डेकची, असं त्याचं ठाम मत. आणि एकदा मत झालं की ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही, हा घराण्याचाच गुण.

अशा माणसाच्या घरात एक टेप नऊ वर्षं धड लागत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हाच!

टेप धाकटीची. धाकटी म्हणजे त्याची एकुलती एक बहीण. लग्न करून साता समुद्रापार गेली आणि दुसऱ्या वर्षी तिनं आईसाठी ही टेप पाठवली. त्यानंतर चार महिन्यांत ती तापाचं निमित्त होऊन गेली. आईला तिचं शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

टेप लावली की आवाज स्वच्छ यायचा. चित्र मात्र खालून वर पळत सुटायचं, थांबायचं नावच नाही. कपाळ, हनुवटी, खांदा, पुन्हा कपाळ. आई रोज दुपारी नुसता आवाज ऐकायची. "आई, मी बरी आहे. इथे थंडी फार. स्वयंपाकघर बघ केवढं मोठं!" मग धाकटी म्हणायची, "आणि आता हे बघ," आणि मिनिटभर गप्प. ते मिनिट आईला छळायचं.

"काय दाखवत असेल रे?" ती विचारायची. "स्वेटर विणला असेल? पण टाके तर तिला कधी धड जमले नाहीत."

तिकडची टेप सेकंदाला तीस चित्रं दाखवते आणि आपल्याकडची पंचवीस, हे डॉक्टरला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं नवा डेक आणला होता. त्यावर ठसठशीत छापलेलं, 'दोन्ही प्रकारच्या टेप चालतात'. तरी चित्र पळायचंच. त्यानं हेड पुसलं, पट्टे बदलले, सगळे स्क्रू काढून पुन्हा लावले. शेवटी टेपच नासलीय, असं आईला सांगून मोकळा झाला.

त्यात यंदा आईच्या डोळ्यांनी दगा दिला. डोळे तपासणाऱ्या बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "दोन महिने दिसेल, फार तर तीन. जे दाखवायचं ते दाखवून घ्या." घरी येऊन तो थेट डेक उघडून बसला.

"राहू दे रे," आई म्हणाली. "नासली म्हणालास ना?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून त्याला जास्तच लागलं.

पुढच्या आठवड्यात शाळेतल्या एक बाई मॉनिटर घेऊन दुकानात आल्या. त्यानंच विकलेला. आवाजाची खुंटी सैल झाली होती. मॉनिटर उलटा केला आणि डॉक्टर ओरडलाच, "हे कुणी खरवडलं?"

त्या बनावटीच्या मॉनिटरच्या मागे एक बारीक खटका असतो. पंचवीस चित्रांच्या टेपला पन्नासवर, तीसच्या टेपला साठवर. लोक उगाच चाळा करतात आणि चित्र बिघडलं म्हणून डोकं खातात. म्हणून विकण्याआधी डॉक्टर प्रत्येक खटका पन्नासवर ठेवून त्यावर लाखेचा थेंब टाकायचा. घरच्या मॉनिटरवरही टाकला होता.

"मीच खरवडलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "भावानं बाहेरून टेप पाठवली, ती पळत होती. खटका सरकवला, लागली."

"अहो, पण डेक तीसची पंचवीस करून देतो ना?"

"तो रंग तेवढा बदलतो. चित्रं तीसच सोडतो. डेकच्या पुस्तिकेत लिहिलंय की. तुम्ही वाचली नाहीत?"

डॉक्टर कशाला पुस्तिका वाचतोय! तो बाईंना तिथंच सोडून, दुकान उघडं टाकून घरी पळाला.

लाख निघता निघेना. सुरीनं बोट कापलं. आईची खुर्ची त्यानं पडद्यापासून हातभर अंतरावर ओढली, टेप लावली आणि खटका साठवर ढकलला. चित्र एकदा झोकांडलं आणि उभं राहिलं.

"बारीक झालीय," आई म्हणाली. थोड्या वेळानं, "केस कापले वाटतं. शोभतात हो."

"आणि आता हे बघ," धाकटी म्हणाली. तिनं एक दार उघडलं. आत छोटीशी खोली होती. पलंगावर नवी चादर, उशी खिडकीच्या बाजूला, खाली सपाता. धरून उठायला भिंतीला दांडी ठोकलेली. धाकटी पलंगाच्या कडेला बसली, शेजारची जागा हातानं थोपटली आणि ये ये अशी मान हलवत हसत राहिली. मिनिटभर.

"खिडकीकडे डोकं केल्याशिवाय मला झोप येत नाही," आई म्हणाली. "तिला माहीत होतं."

"आई, माझं चुकलं गं. मी—"

"थांब, मला बघू दे." चित्र संपेपर्यंत तिनं पापणी हलवली नाही. मग म्हणाली, "मी तिला उत्तर पाठवलं होतं रे. चित्र दिसत नाही म्हटलं तर हिरमुसेल, म्हणून लिहिलं, टेप मिळाली, स्वयंपाकघर छान आहे, तब्येतीला जप. या खोलीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही मी. तिला वाटलं असेल, आईला यायचंच नाही."