आधी पुडी, मग पिशवी

आक्काचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या एका बाईंना त्यांच्या पापडांचा फोटो कसा काढावा, ते शिकवत होतो. "बाळू, तुझं दाजी गेलं," एवढंच ती म्हणाली. मी उठलो, आणि उठता उठता त्या बाईंना "उजेड खिडकीकडून घ्या" असंही सांगून गेलो. पलूसला पोचेपर्यंत माझं तेच वाक्य माझ्या कानात वाजत होतं... आज महिना होत आला, अजून वाजतं.

मारुती दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पलूसजवळ गावाकडच्या द्राक्षबागेत बेदाणा करू लागले. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, ती ते देत नसत. त्यामुळे त्यांचा बेदाणा गुळासारखा तांबूस, दिसायला अगदीच गरीब. पण पलटणीतल्या जुन्या मित्रांना त्यांनी तो पाठवला, मित्रांनी शेजाऱ्यांना चाखवला, आणि कुठून कुठून फोनवर मागणी यायला लागली. दाजींची एक पद्धत होती. मोठ्या पिशवीचं तोंड शिवायचं आणि वर मूठभर बेदाण्यांची कागदाची पुडी बांधायची. सोबत स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी : रंग काळपट आहे, धुरी दिलेली नाही. आधी पुडी फोडा. आवडले नाहीत तर पिशवी फोडू नका, माघारी पाठवा. पार्सल पोचल्यावर तिसऱ्या दिवशी ते स्वतः फोन करायचे आणि पहिलाच प्रश्न, पुडी फोडली का? मग पुढं अर्धा तास गुडघे, सुना, पाऊसपाणी. गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस सहसा गिऱ्हाईक राहायचाच नाही.

एवढं सुरळीत चाललेलं पाहून मला स्वस्थ कसं बसवेल? मी कॉलेजातला कारकून. पण ऑनलाइन व्यवसायाचं दोन दिवसांचं शिबिर करून आलो होतो. त्याचं प्रमाणपत्र आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. बायको म्हणते, तेवढ्यानं तरी फ्रिजचा गंज झाकला. खानदानातला तज्ज्ञ या नात्यानं मी एका ॲपवर दाजींचं दुकान उघडून दिलं आणि आधी पुडीवरच घाव घातला. वजन वाढतं, वेळ जातो, आणि मुख्य म्हणजे, "आवं दाजी, गिऱ्हाइकाला माघारी जायची वाट आपणच का दाखवायची?"

दाजी सुतळीला गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "वाट उगडी असली म्हंजी मानूस निवांत बसतंय, पावनं. दार लावलं की पळायचं बगतंय."

मी हसलो. शिबिरात हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुडी बंद झाली. चिठ्ठीही गेली, कारण दुकानावर मी फोटो टाकला होता तो हिरव्यागार, पाचूसारख्या बेदाण्यांचा. कुठून घेतला होता ते आता आठवतही नाही. "ह्ये कुनाचं बेदानं?" असं दाजींनी विचारलं होतं. फोटो नुसता लक्ष वेधायला असतो, असं मी त्यांना समजावलं. लक्ष वेधलं. फोटो पाहून मागवलेला हिरवा बेदाणा घरी तांबूस निघाला आणि लोक ॲपवर पाचांपैकी एकेक चांदणी देऊन शिव्या लिहू लागले. यावर माझ्याकडे उपाय तयार होता. चुलतभावाच्या नातवाचं रहिमतपूरला बारसं होतं. जेवणं झाल्यावर मांडवातच मी सगळ्या भावकीला बसवलं, ज्याला त्याला मोबाइल काढायला लावला, माझंच इंटरनेट जोडून दिलं आणि पाच-पाच चांदण्या द्यायला सांगितल्या. दाजी कोपऱ्यात उभे होते. खाल्लं न्हाई त्येनी कसं लिवायचं, असं एकदाच पुटपुटले. आक्काच्या माहेरचा शब्द त्यांनी कधी तोंडावर मोडला नाही. त्यांची चूक झाली असलीच तर ती एवढीच.

आमच्या लोकांना खोटं लिहायलाही धड येत नाही. थोरल्या चुलतीनं लिहिलं, "दाजी, बेदाणं लय ग्वाड. सुमीचं जमलं, आक्काला सांगा." रहिमतपूरच्या भावानं लिहिलं, "दाजी, तब्येत सांभाळा, जत्रंला येतो." एकानं तर बेदाण्याच्या दुकानावर बारशाचा फोटो चढवला. ॲपवाल्यांना काही शोधावंच लागलं नाही, आमचं नातं आम्हीच त्यांना वाचून दाखवलं होतं. आठवड्यात दुकान बंद. त्या जागी एकच ओळ : बनावट अभिप्रायांमुळे हा विक्रेता काढून टाकला आहे. खाली दाजींचं पूर्ण नाव. त्याआधी अनोळखी गिऱ्हाइकांनी मनापासून लिहिलेलं जे काही खरं होतं, तेही त्यातच पुसलं गेलं.

पलटणीतल्या एका मित्राचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. तिकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही. दाजी उभे राहिले, साहेबापुढं राहावं तसे, आणि म्हणाले, "हाँ जी, नकली लिखा है. गलती मेरी है." पुढचे कित्येक दिवस ते वहीतल्या एकेका नंबरावर फोन करून हेच सांगत होते. माझं नाव कुणाकडंच घेतलं नाही. काही लोक परत आले. बरेचसे आले नाहीत. पुडी आणि चिठ्ठी पुन्हा सुरू झाली. मला ते काही बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून माझं 'पावनं' गेलं आणि 'बाळासाहेब' सुरू झालं. "बसा बाळासाहेब. चहा घ्या बाळासाहेब." त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं...

सकाळच्या पारी शेडमध्ये पुड्या बांधतानाच ते गेले. दहाव्याला लोक म्हणत होते, हवालदारानं नाव कमावलं. मी मान खाली घालून घाटाच्या पायऱ्या मोजत होतो.

दर वर्षी आमच्या घरी दाजींकडून बेदाण्याची पिशवी यायची. तिच्यावर पुडी कधीच नसायची. घरच्यास्नी काय चाखवायचं, असं ते म्हणत. यंदाची पिशवी ते जायच्या आदल्या दिवशी आली होती, मी ती तशीच फडताळात टाकली होती. तेराव्यानंतर काढली. वर पुडी होती. सोबत चिठ्ठी, त्याच अक्षरात, परक्याला लिहितात तशीच : आवडले नाहीत तर पिशवी फोडू नका.

मी आक्काला फोन करून विचारलं, हे मुद्दाम केलं होतं का. ती म्हणाली, "मला काय म्हाईत, बाळू? सगळ्याच पिशव्यांस्नी बांदत बसलं व्हतं."

पुडी मी फोडली. चाखले. गोड आहेत, दाजी. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून लवकर घरी आलो आणि उगाचच फोन जवळ घेऊन बसलो. पिशवीची सुतळी अजून सोडलेली नाही.