नंदूभावजी हात का चावत होते

“यांना वेड लागलेलं नाही,” डॉक्टर म्हणाले, “आणि हा नवा आजारही नाही. याला आम्ही चॅलेंजिंग बिहेवियर म्हणतो.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“ज्या वागण्यानं माणसाला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होते, आणि मग त्याला कुठंच कुणी ठेवून घेत नाही, असं वागणं. पण हे रोगाचं नाव नाही. तापासारखं समजा. ताप दिसतो. तो कशानं आलाय ते शोधावं लागतं.”

सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आम्ही बसलो होतो. नंदूभावजी स्टुलावर बसून छताचा पंखा बघत होते. त्यांच्या उजव्या हाताला अंगठ्यापासून मनगटापर्यंत पट्टी होती. ती जखम त्यांनी स्वतःच्याच दातांनी केली होती.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवते, एवढंच.

नंदू हे माझे धाकटे दीर, पस्तिशीचे. लहानपणी त्यांना नुसतं ‘मतिमंद’ म्हणून सांगितलं होतं. आता डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. एक बौद्धिक अक्षमता, म्हणजे समज आणि शिकणं वयाच्या मानानं कमी असणं. दुसरी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. आवाज, माणसं, रोजच्या क्रमातला बदल या गोष्टी त्यांना आपल्यासारख्या पेलत नाहीत. शब्द मोजकेच येतात. पण धुतलेल्या कपड्यांच्या घड्या अशा घालतात की इस्त्री नको.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सुरुवातीला ते दाराआड उभे राहून मला बघायचे. मग एक दिवस म्हणाले, “नी.” माझं नाव नीता. घरात कोण आनंद झाला! सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला होता. त्यांना मी आत्या म्हणते. त्या मूळच्या दुधनीच्या, माहेरी कानडी बोलणाऱ्या.

चावणं सुरू झालं गेल्या उन्हाळ्यात. आधी येरझाऱ्या घालायचे, मग हात तोंडात, मग डोकं भिंतीवर. मधे काही दिवस अगदी शांत, आणि पुन्हा एकदम उसळी. ते रोज दिवसभर एका कार्यशाळेत जात. त्यांच्यासारखी मोठी मुलंमाणसं तिथं कागदी पिशव्या करतात. तिथल्या सेविका मावशींच्या दंडाला त्यांनी कडाडून चावा घेतला. संचालकांनी सभ्यपणे सांगितलं की शांत होईपर्यंत घरीच राहू द्या.

आधी एका ठिकाणी झोप येणाऱ्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्यांनी चावणं कमी झालं, पण नंदूभावजी बसल्या जागी डुलायला लागले. लाळ गळायची. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा त्यांचा जीव की प्राण, पण घास तसाच तोंडात राहायचा. माझे यजमान सुहास पुण्याकडची एक निवासी संस्था बघून आले. पावसाळा संपला की जागा मिळणार होती. घरात कुणालाच ते नको होतं, पण तसं म्हणायची हिंमतही कुणात नव्हती. आणि उसळी आली की त्यांना धरून ठेवायचं बळ आत्यांत उरलं नव्हतं.

म्हणून आम्ही या डॉक्टरांकडे आलो होतो. ते म्हणाले, “गोळ्या मी हळूहळू कमी करतो. तुम्ही मनानं बंद करू नका. आणि आधी शरीर तपासू. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही, तो काय करील?”

या एका प्रश्नानं मी जागी झाले. दुखतंय म्हणता येत नसेल तर मी तरी काय केलं असतं? बसमधून घरी येताना मी तोच विचार करत होते.

कान तपासले, ते ठीक होते. पोट तपासलं. दात तपासायला नंदूभावजी तोंडच उघडेनात, म्हणून जनरल अ‍ॅनेस्थेशिया, म्हणजे पूर्ण भूल देऊन तपासायचं ठरलं. त्या सकाळी आत्या बाहेरच्या बाकावर त्यांचा सदरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सदऱ्याच्या बाह्या सारख्या सरळ करायच्या आणि पुन्हा दुमडायच्या. दंतवैद्य बाहेर आले आणि म्हणाले, “मागच्या दोन दाढा पार किडल्या होत्या. काढल्या. इतके दिवस हे कसं सोसत होते, नवल आहे.”

आत्यांनी सदरा तोंडाला लावला. “माज्या लेकराचं दात दुकत हुतं, आन मी अवस-पुनव बघत बसले की.”

आम्हाला वाटलं, सुटलो. जेवण सुधारलं, झोप सुधारली, चावणंही बरंच उतरलं. पण संपलं नाही. काही दिवसांच्या शांततेनंतर पुन्हा तेच. भिंतीवर आदळून कपाळाला टेंगूळ आलं, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला श्रीलता मॅडमकडे पाठवलं.

त्या मानसशास्त्रज्ञ. अपंग व्यक्तींच्या वागण्यावर त्या पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट नावाच्या पद्धतीनं काम करतात. मराठीत त्यांनीच मला सोपं करून सांगितलं, “शिक्षा करून, दटावून वागणं बंद पाडायचं नाही. त्या वागण्यातून माणूस काय मिळवतोय ते शोधायचं. मग तीच गोष्ट मिळवायची सोपी वाट त्याला द्यायची, आणि त्याचा दिवस असा करायचा की चावायची वेळच येऊ नये.”

“आणि शोधायचं कसं?”

“फंक्शनल असेसमेंट. चावण्याआधी काय झालं, चावताना काय, चावल्यावर तुम्ही काय केलंत. या तिन्ही गोष्टी मला फोनवर बोलून पाठवत जा. आणि अंदाज सगळ्यांचे सांगा. कुणाचाच आधी चूक ठरवायचा नाही.”

मला हे फार आवडलं. आम्ही वर्गात पोरांना हेच तर शिकवतो.

आत्यांचा अंदाज होता, “अवसेच्या आसपास लई होतंय बगा.” मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आजी, बघू की. तसं असेल तर दिसेलच.” सुहास यांचा अंदाज वेगळा होता. ते म्हणाले, “नीताला बोलवायला करतो. ‘नी, नी’ करतो आणि ती बिस्किट घेऊन धावत गेली की थांबतो.” खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं, आणि त्याचं थोडं बरंही वाटत होतं. माझा स्वतःचा अंदाज उकाड्याचा होता.

मी फोनवर बोलून पाठवत राहिले. अमावस्या शांत गेली. “न्हाय बाई, अवस न्हाय,” आत्यांनी आपणहून मान्य केलं. भर उन्हाच्या दिवशी नंदूभावजी मजेत घड्या घालत बसले आणि माझाही अंदाज गेला. सुहास यांचा तेवढा टिकून होता.

मग मॅडम घरी यायच्या म्हणाल्या. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी येणार होतं. सोलापुरात रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड सुटतं, आणि त्या दिवशी गल्लीत घरोघर धावपळ असते. आत्या म्हणाल्या, “आज पानी हाय, आज कुटं त्यास्नी बोलावतीस?” पण मॅडम तोवर गल्लीच्या तोंडाशी आल्या होत्या.

पाणी सुटलं. सुहास यांनी मोटारीचं बटण दाबलं. नंदूभावजी उठले, “नी, नी” करत अंगणापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले, आणि हात तोंडात. मी धावले. मॅडमनी मला अडवलं नाही, फक्त बघत राहिल्या. तो भर ओसरल्यावर विचारलं, “मागच्या वेळी झालं तेव्हाही पाणी आलं होतं का?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याच्या आधी? त्याच्याही आधी? पाणी ठरलेल्या वारी येत नाही, म्हणून आमच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. जवळजवळ प्रत्येक वेळी पाण्याचा दिवस होता.

“मोटारीचा आवाज!” सुहास म्हणाले. मलाही ते पटलं. ऑटिझममध्ये आवाज बोचतात, हे वाचलेलं होतं. लगेच कानावर लावायची जाड गादीची टोपणं आणली. नंदूभावजींना ती आवडलीही. पुढच्या पाण्याला ती कानावर होती, मोटार चालू होती, आणि भावजी हात चावत होते.

मी हिरमुसले. त्या दिवशीही आलेल्या मॅडम मात्र खूश दिसल्या. “एक कारण बाद झालं, हे काय कमी आहे का? आज मी त्यांच्या पाठोपाठ फिरते.”

त्या खरंच त्यांच्या मागे मागे अंगणात गेल्या. भावजी एका कोपऱ्यात थांबले, खाली बघितलं आणि “नी” म्हणाले. मी तर त्यांच्या मागे उभी होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मॅडमच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांचे आजोबा मागावर चादरी विणायचे. त्या अचानक म्हणाल्या, “आमच्यात पाण्याला नीळ्ळु म्हणतात. आजी, तुमच्या कानडीत?”

आत्यांचा हात तोंडावर गेला. “नीरू. अगं बाई! ल्हानपनी नीरू म्हनायचा की ह्यो. मी त्याच्यासंगं कानडीच बोलायची. मग शाळेतल्या बाईंनी मराठीच बोला म्हनून सांगितलं, तवा सोडलं. तू आलीस आन नी म्हनाय लागला, मला वाटलं तुजंच नाव घेतोय.”

“आणि या कोपऱ्यात काय होतं?”

“बॅरलं हुती. पानी आलं की नळी ह्योच धरायचा. एक भरलं की दुसऱ्यात, दुसरं भरलं की तिसऱ्यात. थेंब सांडू द्यायचा न्हाय.”

मग सुहास यांनी सांगितलं. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी जमिनीत टाकी केली आणि वर मोटार बसवली. टाकी भरली की पाणी आपोआप बंद होतं. बॅरलं गेली, नळी गेली. आत्यांच्या कमरेचा त्रास वाचावा म्हणून केलेलं काम ते. त्यात कुणाचं काय चुकलं? पण घरातलं एक माणूस दर पाण्याला आपलं काम शोधत होतं, कामाचं नाव घेऊन विचारत होतं, आणि आम्ही त्याला बिस्किट देत होतो.

“मग मला काय म्हणतात ते?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

“तुला काय बी म्हनत न्हाय,” आत्या म्हणाल्या. “तुजा पदर वडतो की. नाव कशाला लागतंय?”

मॅडम म्हणाल्या, हाही अजून अंदाजच आहे, करून बघू. दोन बॅरलं आणि नळी आणली. पुढच्या पाण्याला नंदूभावजींच्या हातात नळी दिली. त्यांनी आधी तिचं तोंड अंगठ्यानं दाबून धार बघितली, मग बॅरलात सोडली. पाणी काठाशी येईपर्यंत ते वाकून आत बघत होते. भरल्यावर नळी दुमडून धरली आणि दुसऱ्या बॅरलाकडे गेले. हात तोंडात गेला नाही. सुहास अंगणातून आत निघून गेले. मी मागे गेले तर ते स्वयंपाकघरात नुसतेच उभे होते. म्हणाले, “मी त्याला पुण्याला ठेवायला निघालो होतो, नीता.” थोड्या वेळानं त्यांनी संस्थेला फोन केला आणि आमची जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं.

सगळं इतकं सरळ झालं नाही. एकदा आम्ही लग्नाला गेलो असताना पाणी येऊन गेलं. परतल्यावर शेजाऱ्यांनी भरून ठेवलेली आमची बॅरलं बघून भावजींनी पुन्हा हात फोडला. एकदा जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे पाणी फार लांबलं, तेव्हाही तसंच. म्हणून मॅडमनी चित्रांची कार्डं केली. एकावर नळाचा फोटो, एकावर ‘आज नाही’ची खूण. याला फंक्शनल कम्युनिकेशन म्हणतात, म्हणजे हवं ते मागायची सगळ्यांना कळेल अशी रीत. घरात ‘नी’ कळतं, बाहेर कोण समजणार? ‘आज नाही’ शिकायला फार दिवस लागले. अजूनही पूर्ण जमलेलं नाही. माझाही फोटो एका कार्डावर आहे. तो त्यांनी अजून एकदाही आणलेला नाही.

मॅडम कार्यशाळेतही जाऊन बोलल्या. आता तिथल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम नंदूभावजींचं आहे. ज्यांना चावले होते त्या मावशी पहिल्या दिवशी लांबच उभ्या राहिल्या. ते बरोबरच होतं. आता त्या झारी भरून त्यांच्या हातात देतात. गोळ्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. हातावरचा वण राहणार, असं डॉक्टर म्हणाले.

तुमच्या घरी असं काही सुरू झालं तर आधी दात, कान, पोट तपासून घ्या. मग बघत राहा. तुमचा पहिला अंदाज चुकेल, दुसराही चुकेल. आमच्या डॉक्टरांचे, दंतवैद्यांचे आणि मॅडमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. त्यांनी मला उत्तर दिलं त्याहून जास्त, विचारायची सवय लावली.

हल्ली नंदूभावजींनी एक नवीनच सुरू केलंय. घरी कुणी आलं की ते बाहेर जाऊन त्यांच्या कशाही काढलेल्या चपला जोडीनं लावून ठेवतात, टाचा रस्त्याकडे आणि बोटं घराकडे. का, ते ठाऊक नाही. मी विचार करते आहे. आत्या म्हणतात, “आलेली मानसं जाऊ नयेत म्हनून.” सुहास म्हणतात, नुसती नीटनेटकेपणाची आवड. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “कुणाला त्रास आहे का? नाही ना? मग सगळंच थांबवायचं नसतं.”

परवा मॅडम सहज डोकावल्या होत्या. चहा झाला, निरोप घेऊन त्या बाहेर गेल्या. पायरीवर त्यांच्या चपला घराकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या, आणि शेजारी नंदूभावजी उभे होते. मॅडमनी चपलांकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि परत आत येऊन बसल्या.

“अजून अर्धा कप घेते,” त्या म्हणाल्या.