भरली की सुटंल

नाथाभाऊंच्या मनगटावर घड्याळ असे, पण जीप सोडताना ते त्याकडे कधी बघत नसत. कामशेतहून पवनानगरला जाणाऱ्या जीपगाड्यांचे नंबर तेच लावायचे. दहा माणसं बसल्याशिवाय गाडी हलायची नाही. कुणी कुरकुरलं की उत्तर ठरलेलं, "भरली की सुटंल!" मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीलाही हाच नियम लावला आणि एक पाट रिकामा म्हणून खुद्द व्याह्यांना वरणभातासमोर ताटकळत ठेवलं.

आमची ओळख झाली तेव्हा ही लाइन बंद पडायच्या बेतात होती. किती थांबायचं ते कळेना, म्हणून लोक मिळेल त्या दुचाकीवर निघून जायचे. किती जागा भरल्या हे फोनवर दिसलं तर माणसं टिकतील, असं नाथाभाऊंच्या मनात आलं. मी तुंगार्लीत घरी बसून ॲप बनवते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मी रुबाबात समजावलं, "वेबपान एकच, पण वाटा दोन. ते ॲपच्या कवचात घालून स्टोअरवर ठेवायचं, नाहीतर नुसतं ब्राउझरमध्ये उघडून फोनच्या स्क्रीनवर ठेवायचं. दोन्ही सगळ्या फोनांवर चालतात." माझा जीव पहिल्या वाटेत होता. स्टोअरवर माझं नाव झळकणार होतं ना!

"म्हंजी इंजान त्येच, टप निराळा," नाथाभाऊ म्हणाले. "मग दोनीबी नंबरात लावा, म्याडम. हितं पशिंजरच ठरिवतो."

त्यांनी उभ्या असलेल्या दोन जीपच्या बॉनेटवर फोननं स्कॅन करायचे दोन कोड चिकटवले, एक स्टोअरवरच्या ॲपचा, दुसरा ब्राउझरचा. ज्याचे दहा फोन आधी भरतील, ते ॲप सुटणार! माझ्या लाडक्या ॲपकडे आलेल्या पहिल्या मावशींच्या फोनमध्ये जागाच नव्हती. "नातीचे फोटू काढा की थोडं," नाथाभाऊंनी सुचवलं. मावशींनी असं काही बघितलं की ते दोन पावलं मागे सरले. दुसरे गृहस्थ स्टोअरचा पासवर्ड विसरले होते. तिसऱ्याचं ॲप उतरेपर्यंत शेजारच्या बॉनेटवर दहा फोन झालेसुद्धा.

"भरली! सोडा!" नाथाभाऊ ओरडले. आणि ड्रायव्हरनं सवयीनं रिकामी जीपच दामटली, कोडासकट. मला राग आला होता, पण हसताना तो कुठे गेला कळलं नाही.

लाइन टिकली. नाथाभाऊंचे गुडघे मात्र टिकले नाहीत. कामाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी त्यांना हार घालून, पवनानगरला घरी पोचवायला जीपमध्ये पुढे बसवलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. नाथाभाऊंनी फोन काढून बघितला. नऊ.

"बंद कर. भरली न्हाई अजून."

"भाऊ, आज तरी..."

"माज्यासाठी नियम मोडला, तर लाइन कशाची?"

माझं घर उलट्या दिशेला. तरी मी चढले आणि मागच्या कोपऱ्यात बसले. दहा झाले.

पवनानगरला उतरल्यावर ते मला परतीच्या जीपपाशी घेऊन गेले. आत चारच माणसं होती. "बस पोरी, भरली की सुटंल," म्हणाले, आणि घरी न जाता, गळ्यातल्या हारासकट, दाराशी उभे राहून माझ्याशी गप्पा मारू लागले. त्या दिवशी पहिल्यांदाच मला वाटलं, ही गाडी लवकर भरू नये.