एकविसावा अभिप्राय

हे मी गेल्या रविवारपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला अजूनही नाही.

नऊ वर्षांपूर्वीची दिवाळी, पाडव्याची दुपार. मुलुंडमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या सोसायटीचं रांगोळी प्रदर्शन होतं. रांगोळ्या सहा, वहीतले अभिप्राय एकवीस. हजर मी एकटा. बाकीचे जेवायला गेले होते. कमिटीला मी नंतर वीस सांगितले. वही माझ्याकडे दिली होती, कारण माझ्या चोखपणावर सगळ्यांचा विश्वास. विक्रोळीच्या कारखान्यात मी मापं तपासतो. केसभर फरक असला तरी माल परत पाठवतो.

माझ्या रांगोळीबद्दल नऊ अभिप्राय होते. फेटेवाला म्हातारा, छत्तीस तासांचं काम, एकूण एक सुरकुती. त्या नवांतले पाच मीच लिहिलेले. तीन पेनं वापरून. एक तर डाव्या हाताने. हसलात ना? हसा. पण सांगायचंय ते हे नाही.

तळमजल्यावरच्या मेघनावहिनींनी वर्सोव्याचे बोंबील काढले होते, बांबूवर वाळत घातलेले. त्यांच्याबद्दल एकच अभिप्राय, शेवटच्या पानावर, खाली नाव नाही: ‘बोंबलांचा वास आला. ही रोज दारात काढते. पाय पडू नये म्हणून मी भिंतीला चिकटून बाहेर पडतो. तोंडाने सांगायला जमत नाही.’

अक्षर मी ओळखलं. सोसायटीच्या नोटिसा त्याच अक्षरात लागायच्या. विलासचं—वहिनींच्या नवऱ्याचं.

मी ते पान फाडलं. का? माझ्याकडे नऊ होते की! पण त्या नवांत असं एकही नव्हतं—मला स्वतःलाही असं लिहायला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, “काय हो भावोजी, आमच्या बोंबलांना कोणी विचारलं की नाही?”

“नाही वहिनी.”

“जाऊ दे. आमच्या ह्यांनीच कधी बघितलं नाही, लोक कशाला बघतायत!”

विलास शेजारीच उभा होता, खाली बघत.

मला वाटलं—खरं सांगतो, आशाच होती—की आता ह्या थांबतील. थांबलो मी. पुढच्या वर्षी माझ्याबद्दल कुणी ओळही लिहिली नाही, आणि मला स्वतःला लिहायची लाज वाटली. रंगांचे डबे माळ्यावर गेले. वहिनी मात्र रोज सकाळी सहाला दारात बसतात. नऊला झाडूवाली येऊन सगळं पुसून नेते. नऊ वर्षांत तीन हजारांवर रांगोळ्या, अभिप्राय शून्य. एकदा मी विचारलं, कंटाळा कसा येत नाही, बघतं कोण?

“मी बघते ना! हात चालला की डोकं गप बसतं, भावोजी.”

विलास दोन वर्षांपूर्वी गेला. म्हणजे तो असताना सांगायला माझ्याकडे सात वर्षं होती. सात.

गेल्या रविवारी सकाळी मी ते पान वहिनींच्या हातात दिलं. म्हटलं, हे मी फाडलं होतं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. कागदावर रांगोळीची बोटं उठली. माझ्याकडे न बघता त्या आत गेल्या आणि दार लोटलं.

सोमवारी दारात रांगोळी होती. रोजच्यासारखी मधोमध नाही—एका बाजूला. भिंतीलगत वाट सोडलेली, एक माणूस जाईल एवढी.

नजरेनेच मापली. दीड फूट. मी तिथून जात नाही. बिल्डिंगच्या मागच्या दाराने जातो.