लाल चाकं

बी.एस्सी. होऊन गावी आलो तेव्हा आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. सातवीतच शाळा सोडून त्यानं वखर धरला, म्हणून मी शिकलो.

दुष्काळात बंद पडलेला शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, त्या हिवाळ्यात पुन्हा भरणार होता. आमची शर्यतीची छकडी तेव्हापासून गोठ्यात पडून होती. बाबांनी चाक हलवून पाहिलं.

"दोन दिवस डोहात टाक. लाकूड सुकलं, आरे खुळखुळ करून राह्यले."

लाकूड पाण्यानं फुगतं आणि चाकातले आरे खोबणीत घट्ट बसतात, हे गावात शेंबडं पोरही जाणतं. मला तो अडाणीपणा वाटला.

"पान्यानं लाकूड सडते, बाबा. मी काय उगाच शिकलो?"

वाशिमहून ऑइलपेंट आणून मी चाकं लालभडक रंगवली. फटीसुद्धा बुजवल्या.

दादा हसला. "साहेब, पटावर न्याची हाये का लग्नाले?" मग बाबांना म्हणाला, "राहू द्या. त्यानं सांगतलं तं बराबरच असन."

छकडी तोच हाकणार होता.

अर्ध्या पटावर डावं चाक बसलं. आरे निखळले, चाकाभोवतीची लोखंडी धाव एकटीच घरंगळत गेली आणि दादा उजव्या हातावर आपटला. लोक धावले.

"काहून पडला बे? चाकं तं नवी दिसत होती!"

"बैल बुजाले," दादा दात आवळून म्हणाला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून.

घरी बाबांनी एक तुटका आरा माझ्यासमोर ठेवला. वरून लाल, खोबणीतलं टोक कोरडं ठक्क. मग ते बैलांना वैरण टाकायला गेले.

दादाचा हात सांधला, पण वाकडा. पेरणीला तिफण मी धरली. बांधावरून तो ओरडायचा, "साहेब, तास सरळ काढा जी!" सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण त्याच्याकडं बघवत नव्हतं.

आमच्या जोडीला मात्र बुजाडे बैल हे नाव पडलं ते पडलंच. मी त्यांना पाण्यावर नेलं की बाया लेकरांना बाजूला ओढायच्या. गरीब जनावरं. बाया म्हणायच्या, "सांभाळ रे बापा, मारकुटे हायेत." आणि मी, शिकलेला माणूस, कासरा आखडून धरायचो.