पॉइंट भरेपर्यंत

वाशीम स्टेशनच्या बाकावर मी त्याला जागा करून दिली आणि लगेच पस्तावलो. रिसोडचा, साठीतला, कडक इस्त्रीचा माणूस. बायकोसोबत शेजाऱ्यांना गाडीत बसवून द्यायला आला होता. खिशातलं क्रेडिट कार्ड बाहीला पुसत तो मला समजावू लागला, "याच्यावर रेल्वेचं तिकीट काढलं की पॉइंट जमा होतात. अख्ख्या गल्लीचे तिकिटं मीच काढतो. पॉइंट भरले की आमा दोघाले हैदराबाद फुकट! लेक हाय तिथं."

शेजाऱ्यांची गाडी गेली, माझी लेट होती आणि पॉइंट काही संपेनात. मी पेपर उघडला, जांभई दिली, तरी तो थांबेना.

"नातू चालाले लागला," बायको एकदम म्हणाली. "आपण अजून त्याचं तोंड नाही पाह्यलं. तुमचे पॉइंट काही भरून नाही राह्यले."

ती उठली आणि आरक्षणाच्या खिडकीवरून रोख पैसे देऊन उद्याचं हैदराबादचं एकटीचं तिकीट काढून आली.

तो कार्डाकडे पाहत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "रोखीच्या तिकिटावर पॉइंट भेटत असतीन का?"

"नाही हो!" मी वैतागून म्हणालो.

तो उठला आणि कार्ड खिशात घालून, नोटा मोजत खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला.