नंबरानं बोलावणारा शिपाई

शेवगावच्या एका शाळेत शिक्षकभरतीच्या मुलाखती घ्यायला गेलो होतो. आत आम्ही तिघे परीक्षक राखीव जागेवरून वाद घालत होतो. जात कशाला बघायची, गुणवत्ता बघा, हा माझा हेका होता.

दारातला वयस्कर शिपाई प्रत्येक उमेदवाराला आधी पाणी देई, घोट संपेपर्यंत थांबे आणि मग नंबर पुकारून आत सोडी. चहा घेऊन तो आत आला तेव्हा मी म्हणालो, "मामा, नावानं बोलवा की त्यांना."

"नको साहेब," तो कप ठेवत म्हणाला. "नावामागं आडनाव येतं. ते ऐकलं की बाकावरची मानसं सरकून बसत्यात."

मी समोरची यादी पाहिली. सकाळपासून माझी नजर थेट आडनावांवरच जात होती; एकाचंही पहिलं नाव मी वाचलं नव्हतं.